बारावीपर्यंत

पुणे, रविवार

प्रिय दादा,

परवा फोनवर तू म्हणालास, "छकुलीची बारावी होऊ दे, मग आम्ही आमचे मार्ग मोकळे करू. तोवर काढू कसंबसं." मी तेव्हा गप्प बसले. समोर पक्षकार बसले होते, आणि फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस हा लहानपणापासूनचा अनुभव आहे. म्हणून पत्र.

हे बारावीचं मी टेबलापलीकडून किती जणांच्या तोंडून ऐकलंय! आधी दहावी असते. मग बारावी. मग "इंजिनिअरिंगला एकदा लागू दे." मग "तिचं लग्न जमू दे, नाहीतर स्थळं विचारतील." शेवटी मुलीच्या लग्नात दोघं शेजारी बसून कन्यादान करतात, आहेर घेतात, आणि मांडवपरतणं आटोपलं की माझ्याकडे अर्ज करायला येतात. तोवर दोघांचीही साठी जवळ आलेली असते.

कुटुंब न्यायालयात वकिली करणारी बाई म्हणजे घरं मोडणारी, असं आपल्या नात्यात सगळ्यांचं मत आहे. काकू तर मला हळदीकुंकवाला बोलावतानाही जरा अडखळते. तुझंही थोडंफार तसंच मत असेल. पण तुम्ही वेगळं व्हा असं मी सांगणार नाहीये. तुला राहायचं तर राहा, निघायचं तर नीघ. कारण म्हणून छकुलीला पुढे करू नकोस, एवढंच म्हणणं आहे. ते नीट सांगायला मात्र जागा लागेल.

मी सगळ्यांना पहिला प्रश्न विचारते तो हात उचलण्याचा. तुला फोनवर विचारला, वहिनीलाही वेगळा विचारला. दोघांचंही उत्तर एकच आलं आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवते. ज्या घरात मारहाण असते, दारू पिऊन रात्री भांडी फेकली जातात, तिथे मुलांसाठी राहावं का या प्रश्नावर मी पाच मिनिटंही घालवत नाही. त्या मुलांचे कान रात्री जागे असतात आणि सकाळी शाळेत डोकं बंद असतं. अशा बाईला राहत्या घरातून कुणी हुसकावू शकत नाही, ते घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं तिला तो हक्क दिलाय. तो तिला समजावून सांगायचा आणि कामाला लागायचं.

तुमचं तसं नाही. तुमच्याकडे भांडणही होत नाही. वहिनी तिच्या खोलीत, तू हॉलमध्ये मॅच लावून. बोलणं चालतं ते हप्ता, लाईट बिल आणि छकुलीच्या क्लासची वेळ यांवर. बाहेरून बघणाऱ्याला शांत, सुखवस्तू घर दिसतं. आणि मुलांचा विचार करताना खरी अवघड केस हीच असते.

तू अभ्यासाचं विचारलंस, "रिसर्च काय म्हणतो" वगैरे. तर ऐक. जुडिथ वॉलरस्टीन नावाच्या बाईंनी कॅलिफोर्नियात १९७१ मध्ये ६० घटस्फोटित घरांतल्या १३१ मुलांपासून सुरुवात केली आणि पंचवीस वर्षं त्यांचा माग ठेवला. त्यांचा निष्कर्ष काळजी वाढवणारा होता: मुलं मोठी झाली, स्वतः प्रेमात पडायची वेळ आली, तेव्हा जुनी भीती वर आली. लग्न टिकवा म्हणणारे आजही त्यांचाच दाखला देतात. पण ती घरं बहुतेक गोरी, खात्यापित्या वर्गातली होती, आणि न मोडलेली घरं सुरुवातीला तुलनेला घेतलीच नव्हती. पुढे मॅव्हिस हेदरिंग्टन यांनी १४०० च्या आसपास कुटुंबांवरच्या आपल्या कामाचं पुस्तक २००२ मध्ये काढलं. त्यांना घटस्फोटित घरांतल्या साधारण २५ टक्के मुलांमध्ये गंभीर अडचणी दिसल्या, न मोडलेल्या घरांत १० टक्के. म्हणजे धोका अडीचपट, पण चारांतली तीन मुलं ठीकठाक. हा एकच आकडा दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीनं वापरू शकतात, आणि वापरतात. मीही वापरलाय.

मला पटतं ते पॉल अमॅटो आणि अ‍ॅलन बूथ यांचं काम. त्यांनी १९८० पासून सुमारे २,००० विवाहित माणसांना काही काही वर्षांनी पुन्हा गाठून विचारलं आणि पुढे त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांशीही बोलले. १९९७ च्या पुस्तकात त्यांनी जे मांडलं ते असं: जिथे कडाक्याची भांडणं होती तिथे आईबाप वेगळे झाल्यावर मुलांचं बरं झालं. जिथे भांडणं फारशी नव्हतीच, तिथे मात्र वेगळं होणं मुलांना जास्त लागलं. कारण त्यांना काही दिसलेलंच नव्हतं. एका संध्याकाळी अचानक सांगितलं गेलं आणि पायाखालची जमीन गेली.

अमेरिकेतली घरं ती, आपल्यासारखी आजी-आजोबा, मामा-आत्या यांनी गजबजलेली नाहीत, हे मान्य. पण माझ्या ऑफिसात जे दिसतं ते याच्याशी जुळतं. म्हणजे केवळ अभ्यासावर जायचं तर तुमचं घर राहण्याच्या बाजूला झुकतं. माझ्याकडून ही अपेक्षा नव्हती ना?

आता आपल्या घराचं बोलते, कारण तू ते कधीच बोलत नाहीस.

आपल्याकडेही भांडण नव्हतं. आपण दोघं निरोप्ये होतो. "विचार तुझ्या बाबांना, जेवणार आहेत का." "सांग तुझ्या आईला, उशीर होईल." दोघं एकाच खोलीत असायची, मध्ये फार तर चार पावलांचं अंतर, आणि निरोप मी न्यायचे. तू मोठा म्हणून पैशांचे निरोप तुझ्याकडे, मी धाकटी म्हणून जेवणाखाण्याचे माझ्याकडे. मला वाटायचं सगळ्यांकडे असंच असतं. मैत्रिणीच्या घरी तिची आई तिच्या वडिलांशी थेट बोलताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते जरा आगाऊच वाटलं होतं.

त्या घराचा मला राग नाही. आपली शिक्षणं झाली, डोक्यावर छप्पर राहिलं. आईला नोकरी नव्हती, ब्लॉक बाबांच्या नावावर, माहेरी दोन भावजया. तिनं जायचं कुठे? आपल्या कायद्यात नवऱ्याच्या नावावरच्या घरात बायकोचा मालकीचा वाटा आजही नाही. पोटगी मागता येते, राहायचा हक्क मागता येतो, बस. गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळचा कायदा चालू आहे, तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक धरतात आणि वेगळं होताना निम्मी-निम्मी होते. आई म्हापशात जन्मली आणि तिथेच लग्न झालं असतं तर ती राहिली असती का, हा प्रश्न मी तिला एकदा विचारलाही होता. ती म्हणाली, "गोव्यातला पाऊस मला सोसला नसता." विषय संपला.

तर तिचं राहणं मला समजतं. मला लागलं ते तिचं वाक्य: "तुमच्यासाठी राहिले." दहावीला मार्क कमी पडले तेव्हा ते आलं. तू मुंबईला नोकरी घेतलीस तेव्हा आलं. मी माझ्या मनानं लग्न केलं तेव्हा तर दोनदा. हे असं कर्ज होतं की आपण कधी घेतलं नव्हतं आणि फेडून कधी संपलं नाही. आज तू दर महिन्याला तिच्या खात्यात जरुरीपेक्षा जास्त पैसे भरतोस आणि फोनवर मात्र दोन मिनिटांच्या वर बोलत नाहीस, ते उगीच नाही.

आणि आता तू छकुलीच्या नावावर तेच कर्ज काढायला निघालायस. फरक एवढाच की तू मुदतही ठरवलीयस.

त्या मुदतीचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. माझ्याकडे विशी-पंचविशीची मुलं येतात, स्वतःच्या लग्नाआधी "ताई, जरा बोलायचं होतं" म्हणून. यांचे आईबाप मुलांचं शिक्षण संपेपर्यंत थांबले आणि मग वेगळे झाले. लोकांना वाटतं, एवढ्या मोठ्या मुलांना काय त्याचं! त्यांना जे वाटतं ते मी ऐकते. महाबळेश्वरचे फोटो, वाढदिवस, गणपतीतली आरती, सगळं त्यांना पुन्हा तपासून बघावं लागतं की यातलं खरं काय होतं. आणि दर वेळी एक हिशोब ते स्वतःच मांडतात: मी नसतो तर ही दोघं आधीच सुटली असती. आईबापांना वाटतं आपण मुलाला वाचवलं. मुलाला कळतं ते हे, की इतकी वर्षं आपण साखळी होतो.

छकुली नववीत आहे, दुसरीत नाही. तिला काही कळत नाही या भ्रमात राहू नकोस. गेल्या मे महिन्यात इथे आली होती तेव्हा तिनं मला विचारलं, "आत्या, बाबा आणि आई एकमेकांना नावानं हाक का मारत नाहीत?" मी काय उत्तर दिलं ते महत्त्वाचं नाही. तिनं प्रश्न घरी न विचारता पुण्यात येऊन विचारला, ते बघ.

"आपल्यात असं होत नाही" हे मात्र मला ऐकवू नकोस. आपल्यात म्हणजे कुणात? महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत काडीमोड आणि पाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. सयाजीरावांनी बडोद्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्ये केला, मुंबई इलाख्यात तो १९४७ मध्ये झाला. देशभराचा हिंदू विवाह कायदा त्यानंतर, १९५५ चा. आपले पांढरपेशे तेवढे मागे राहिले आणि त्यालाच संस्कृती म्हणू लागले.

राहायचं ठरवलंत तर माझी एकच अट आहे: स्वतःच्या कारणासाठी राहा. ठाण्यात दोन घरांचा खर्च झेपत नाही, हे कारण चालेल. पैशाचं कारण सांगायला लोक लाजतात आणि मुलांचं सांगतात. मला पैशाचं जास्त प्रामाणिक वाटतं. वहिनीच्या वडिलांचं आजारपण, एकटेपणाची भीती, इतक्या वर्षांची सवय, काहीही चालेल. छकुली सोडून. आणि राहायचं म्हणजे मॅच लावून बसायचं नाही. दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जा, कोर्टाची पायरी चढायच्या आधी. अर्ज दाखल केल्यावर कोर्टही तुम्हाला आधी समुपदेशकाकडेच पाठवेल, १९८४ च्या कायद्यातच ती सोय आहे. पण तोवर माणसं कागदावर एकमेकांबद्दल इतकं लिहून बसलेली असतात की ऐकायला कान उरत नाहीत.

निघायचं ठरवलंत तर बारावीची वाट बघू नका. परस्परसंमतीच्या अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, पण ते एका छताखालीही चालतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच ते स्पष्ट केलंय. पुढचे सहा महिने थांबण्याची अटही २०१७ पासून योग्य प्रकरणात माफ होऊ शकते. छकुलीच्या वयाच्या मुलीला न्यायाधीश सहसा स्वतः विचारतात, तिला कुठे राहायचंय. अठरा पूर्ण झाल्यावर ताबा, भेटी हे विषय कोर्टापुढे उरतच नाहीत, तिच्या बाजूनं काही लिहून घ्यायला कुणी बसलेलं नसतं. आज संमतीच्या अटींत तिची फी, तिची शाळा, तिच्या सुट्ट्या, सगळं पांढऱ्यावर काळं करता येईल.

मुलांचं नुकसान होतं त्यातलं बरंचसं सहीनंतरच्या गोष्टींनी होतं. शाळा बदलते, घरात पैसा निम्म्यावर येतो, बाप आधी दर रविवारी, मग महिन्यातून एकदा, मग फक्त वाढदिवसाला येतो. आणि भांडण पोरीच्या मार्फत चालू राहतं. हे चारही तुमच्या हातात आहेत. दुसरं घर घ्याल ते तिला सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर घ्या. फ्लॅट विकू नका, निदान आत्ता नाही. आणि तिच्याकरवी एकही निरोप पाठवू नका. साधा "दूध आण" एवढासुद्धा नाही. तुला कळेल मी हे का म्हणतेय.

हे पत्र वहिनीला वाचायला दे. तिच्यापासून लपवावं असं यात काही नाही, आणि मी या प्रकरणात तुमच्यापैकी कुणाचीच वकील होणार नाही, हे तिलाही कळू दे. दिवाळीच्या आत दोघांनी बसून काय ते ठरवा, आणि जे ठरेल ते छकुलीला दोघांनी एकत्र बसून सांगा. एकट्यानं नको, आणि माझ्यामार्फत तर अजिबात नको.

तुझी,
बेबी