घट्ट बसलेले हेड

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आमच्याकडून शाळेच्या वाटचालीचा इतिहास अपेक्षित असणार, हे उघड होते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. पण तो इतिहास या अंकात इतरांनी लिहिलाच असेल. आम्हाला लिहायचे आहे ते शाळेच्या जुन्या मोटारीविषयी; कारण त्या मोटारीच्या इंजिनाशी आमची एक चूक जोडलेली आहे आणि ती चारचौघांत कबूल करायची राहून गेली आहे.

जुन्या विद्यार्थ्यांना ती पांढरी प्रीमियर पद्मिनी आठवत असेल. एका हितचिंतकाने वापरलेली गाडी वसतिगृहाला दिली होती. परंड्यात रात्री एखाद्या मुलाला ताप चढला किंवा विंचू चावला, तर बार्शी गाठण्यासाठी तीच आधार होती. एके वर्षी ती बंद पडली ती पडलीच. इंजिनाचे ऑइल दुधाळ झाले, धुराड्यातून पांढरी वाफ येऊ लागली. हेडचे गॅस्केट गेले, असे निदान झाले. दुरुस्तीला पैसे नव्हते. गाडी भिंतीशी उभी राहिली. त्या पावसाळ्यात तापाने फणफणलेल्या एका मुलाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आम्ही बार्शीला नेले. भर पावसात त्याचे डोके आमच्या छातीवर लोळत होते. पुढच्या जूनपूर्वी गाडी सुरू करायचीच, असे आम्ही त्या रात्री ठरवले.

मे महिन्याच्या अखेरीस चालकाला हाताशी घेऊन आम्ही स्वतःच काम काढले. बॅटरी सोडली, रेडिएटरचे पाणी काढले, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड उतरवले, रॉकर आणि पुशरॉड बाहेर काढले, हेडचे नट सोडले. आता हेड उचलायचे एवढेच बाकी, असे वाटले. ते तसूभरही हलले नाही. हातोडा मारला, हलले नाही. मग आम्ही हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घातला आणि पहारीसारखा दाबला. हेड तसेच राहिले. त्याच्या कडेला मात्र खोल खाच पडली. चालकाने आमचा हात धरला. गावातल्या एका मिस्त्रीने लांबूनच पाहून सांगितले, "भंगारात घाला."

शाळा उघडायला आठ दिवस असताना एक तरुण धाकट्या भावाच्या प्रवेशासाठी आला. आम्ही त्याला ओळखले. नववीत असताना त्याने वसतिगृहाचा हातपंप खोलून त्याचे भाग ओळीने मांडून ठेवले होते. तेव्हा आम्ही त्याला सर्व मुलांसमोर उभे करून म्हणालो होतो, "हात काळे करायचे होते, तर शाळेत कशाला आलास?" त्या वर्षानंतर तो परत आला नाही. आता त्याचे स्वतःचे छोटे गॅरेज होते.

त्याने गाडी पाहिली, खाचेवरून बोट फिरवले. खाच कोणी पाडली, हे विचारले नाही. रेडिएटरमध्ये कुठले पाणी घालता, एवढेच विचारले. "बोअरचे," आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "तिथंच घोटाळा झालाय सर. ब्लॉक बिडाचा, स्टड पोलादाचे, हेड ॲल्युमिनियमचं. मध्ये खारं पाणी गेलं की ॲल्युमिनियम खातंय. त्याची पांढरी भुकटी स्टडभोवती गच्च बसती. जोरानं हेड निघत नसतंय. निघालं तर चिरतंय."

पुढचे तीन दिवस त्याने जे केले, त्याला काम म्हणावे की वाट पाहणे, हे आम्हाला कळेना. प्रत्येक स्टडच्या मुळाशी तो सकाळ-संध्याकाळ रॉकेल आणि ऑइलचे मिश्रण सोडी. आटे बिघडू नयेत म्हणून स्टडवर नट चढवून हलकेच ठोके देई आणि निघून जाई. चौथ्या दिवशी भोजनगृहातून उकळत्या पाण्याचा हंडा मागवून त्याने ते हेडवर ओतले. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे स्टडभोवतीची पकड ढिली होते. मग लाकडी हातोड्याने चारी बाजूंनी ठोके. सांध्यातून बारीक करकर ऐकू आली.

शेवटी त्याने कनातीची जुनी सुती दोरी मागितली. पिस्टन थोडे खाली घेऊन, स्पार्क प्लगच्या छिद्रांतून पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये ती दोरी भरली. टोके बाहेर ठेवली. हेच दोन का, असे आम्ही विचारले. "हे दोन पिस्टन बरोबरच वर येतात सर. हेड दोन्ही टोकांनी सारखं उचललं जातं, तिरकं होऊन अडकत नाही." हेड उसळू नये म्हणून नट दोन-चार आट्यांवर बसवले आणि हँडल आमच्या हाती दिले. "सावकाश फिरवा." आम्ही फिरवले. पिस्टन वर आले, दोरी दाबली गेली आणि इतके दिवस हट्टाने बसलेले हेड आमच्या डोळ्यांदेखत बोटभर उचलले गेले. चौघांनी ते सरळ वर काढले.

बार्शीच्या लेथवर हेडची पाठ सपाट करून आणली. नशिबाने खाच पाण्याच्या वाटेपर्यंत पोचली नव्हती. तरी तिची पुसट खूण राहिलीच. नवे गॅस्केट बसवून त्याने नट मधून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करीत आवळले. गाडी सुरू झाली, तेव्हा आम्ही हातपंपाचा विषय काढला. "आठवतंय सर," तो म्हणाला. बराच वेळ गप्प राहून, भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ह्याची दहावी होऊ द्या. पण ह्यानं काही खोललं, तर रागवू नका."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आमच्या वडिलांनी गावकीची कामे केली, मेलेली ढोरे ओढली. पोराच्या हाती दोरी नको, लेखणी हवी, ही त्यांची एकच इच्छा. ती आम्ही वर्गात जशीच्या तशी सांगत आलो आणि सांगता सांगता हाताच्या कामालाच कमी लेखू लागलो. १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि तिथे होऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. त्यांचा विरोध कामाला नव्हता. जन्माने गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कामाला होता. हे आम्ही दरवर्षी शिकवीत होतो. हातपंपाचे भाग ओळीने मांडणाऱ्या मुलाने ते काम स्वतः निवडले होते, एवढे मात्र आम्हाला दिसले नाही.

तेव्हापासून परंड्याच्या किल्ल्यावर सहल नेली की आमचा धडा थोडा बदलतो. मलिक-ए-मैदान तोफ १६३२ मध्ये इथून विजापूरला गेली, हे आम्ही पूर्वीही सांगत असू. आता विचारतो, सुमारे ५५ टनांचा तो धातू ओतला कोणी? ओतणाऱ्याचे नाव, मुहम्मद बिन हसन रूमी, तोफेवरच कोरलेले आहे. ती ओढून नेणाऱ्यांची नावे मात्र कुठेच नाहीत. मुले गप्प होतात. मग एखादा विचारतो, "सर, चढावर ती नेली कशी असेल?" त्या प्रश्नाला आम्ही आता इतिहासाचाच प्रश्न मानतो.

ते जुने गॅस्केट विज्ञानाच्या प्रयोगशाळेत खिळ्याला टांगलेले आहे. मोटार कधीच गेली. धाकटा भाऊ दहावी झाला. तोवर त्याने वर्गातला पंखा दोनदा खोलला. पहिल्या वेळी आमच्या ओठांवर जुनेच शब्द आले होते, ते गिळले. दुसऱ्या वेळी शिडी आम्ही धरली होती.