जुन्या लाखेचे तेज

पॅरिसमध्ये बास्तीच्या चौकातून पूर्वेकडे जाणारा फोबूर सँ-आंत्वानचा रस्ता शतकानुशतके सुतारांचा म्हणून प्रसिद्ध आहे. १६५७ साली चौदाव्या लुईने येथील कारागिरांना शहरातील कारागीर-संघांच्या बंधनांतून मोकळे केले आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या फरसबंद अंगणांत कार्यशाळा वाढल्या. आज त्यांपैकी बहुतेक जागी दुकाने व कचेऱ्या आहेत. तरी एखाद्या अंगणातून भुशाचा आणि स्पिरिटचा वास अजून येतो. फर्निचरकलेचे शिक्षण देणारी, १८८६ साली स्थापन झालेली ‘एकोल बुल’ ही विख्यात शाळाही याच परिसरात आहे.

माझी भाची अशाच एका अंगणातील कार्यशाळेत जुन्या लाकडी सामानाचा जीर्णोद्धार शिकते. मी गेलो तेव्हा तिच्यापुढे अक्रोडाचे एक जुने मेज होते. पहिले कित्येक आठवडे तिला केवळ पाहायला शिकवले गेले: लाकूड कोणते, सांधा कसा, डाग मळाचा की काळाचा. खरवडून नवे करणे सोपे. पण वस्तूचे वय त्यात पुसले जाते. जे करावे ते पुढच्या कारागिराला सोडवता यावे, हा येथील पहिला नियम.

या मेजावरील झिलई फ्रेंच पॉलिशची होती. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडात गुंडाळलेल्या लोकरीच्या बोळ्याने अगदी पातळ थर एकावर एक चढवायचे, अशी ती रीत.

ही लाख आपल्याच देशातील पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवरील कीटकांची. ती काढताना असंख्य जीव जातात. म्हणूनच श्रावकाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य निषिद्ध मानले आहे. माझ्या आईने लाखेची बांगडी कधी घरात येऊ दिली नाही. तिच्याच नातीच्या हाती तो बोळा पाहून मी न राहवून विचारले.

“मामा, हा बोळा हुंगून पाहा,” ती म्हणाली. त्यात फक्त स्पिरिट होते. लाख कितीही जुनी असो, स्पिरिटने पुन्हा मऊ होते. मेजावरचीच लाख ती हळुवार पसरवीत होती. बारीक चिरा मिटत होत्या, तेज परत येत होते. नवा एक कणही लागला नव्हता.

“आणि जिथे जुनी लाख उरलेलीच नसेल?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “जिथे चालेल तिथे जवसाचं तेल वापरते. नाहीच चाललं, तर ते काम दुसऱ्याकडे देते. पण उद्या यावरच पोट भरायचं झालं, तर काय करीन, ते अजून ठरलेलं नाही.”

उत्तर माझ्याजवळही नव्हते.

घरी परतल्यावर आजोबांच्या शास्त्रग्रंथांच्या सागवानी कपाटाला ऑइलपेंट द्यायला सुतार येणार होता. त्याला थांबवले. कपाट मऊ कापडाने पुसले आणि भाची सुट्टीत येईपर्यंत तसेच राहू दिले.