अर्धं तिकीट

आषाढात सोयाबीनची डवरणी चालू होती. सहावीतला माझा नातू रोज सकाळी पोट धरून बसायचा. सून म्हणे, नाटकं करतो. मी त्याला शेतात नेलं. घरात समोर बसवून विचारलं तर पोरगं बोलत नाही, काम करता करता बोलतं. धुऱ्यावर शिदोरी सोडली तेव्हा म्हणाला, "आबा, मले शाळेत नाई जाचं."

"काहून रे?"

तो बोलताना अडखळतो. एसटीत तीन मोठी पोरं त्याचं दप्तर सीटखाली लपवत. 'तोतऱ्या, नाव सांग, मंग देतो.' नाव सांगायला गेला की आणखीच अडखळे, अन् अर्धी गाडी हसे.

त्याच्या बापाचा सल्ला एकच, "तूबी एक ठेवून दे." अकरा वर्षांचं पोर दहावीच्या पोरांना काय ठेवून देणार!

शाळेत गेलो. सर म्हणाले, "पोरं आहेत, चालायचंच." मी अर्ज लिहूनच नेला होता. म्हटलं, यावर पोच द्या. कागद पाहिल्यावर मात्र त्यांनी त्या पोरांच्या बापांना बोलावलं. नातवाकडून १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकट नंबरही पाठ करून घेतला.

पण खरी जागा एसटी होती. म्हणून पंधरा दिवस मीच सोबत गेलो. त्याचा पास, पासष्टी ओलांडल्यामुळं माझं अर्धं तिकीट. त्या पोरांच्या मागच्याच सीटवर बसायचो. रागावलो नाही. तूर कशी आहे, बैल विकले काय, एवढंच विचारायचो. दप्तर जागेवर राहू लागलं.

एक दिवस नातवानं विचारलं, "आबा, तुमच्या वर्गात कोणाले चिडवत होते काय?"

होता एक. पायानं अधू. मी त्याच्या चालण्याची नक्कल करायचो, वर्ग हसायचा. १९७२ च्या दुष्काळात त्यानं सातवीतून शाळा सोडली अन् खडी फोडायला गेला. तेव्हा वाशीम जिल्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्यात. दुष्काळानं शाळा सुटली, असं सगळे म्हणत. मीही आजवर तेच सांगत आलो. पण सुटीच्या दिवशी खडी फोडून शाळेत येणारी पोरंही होती. त्यातला एक मी.

"मीच चिडवत होतो," मी म्हटलं.

तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला.

"ते आता कुठी रायतात?"

"आपल्याच गावात. पाराजवळ."

"तुम्ही त्यायले कदी काई म्हटलं काय?"

तेवढ्यात शाळेचा थांबा आला. तो उतरला. मी परतीच्या गाडीची वाट पाहत तिथंच बसलो.