आल्बुकेर्क छपराखाली

जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज सेनानी अफोंसो द आल्बुकेर्कचा ब्राँझचा पुतळा आहे, दोन माणसांच्या उंचीचा. त्याच्याकडे बघायला मान वर करावी लागते, आणि ती मला जड जाते.

पूर्वी तो पणजीत होता, आजच्या आझाद मैदानातल्या १८४७ सालच्या मंडपात. मंडपाचे खांबही जुन्या गोव्यातल्या एका चर्चमधून उचलून आणलेले. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि पुढे आल्बुकेर्क तिथून हलला. त्याच खांबांमध्ये आता त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांच्या अस्थी विसावल्या आहेत. गोव्याच्या स्वातंत्र्याचं नाव घेतलं म्हणून पोर्तुगीजांनी त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं होतं. ती जागा त्यांचीच होती, असं मला मनापासून वाटतं.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा दुसऱ्यांदा जिंकला. महिना उलटायच्या आत त्याने पोर्तुगालच्या राजा मानुएलला पत्र लिहिलं. सलग चार दिवस कत्तल चालली, हाती लागलेल्या एकाही मुसलमानाला जिवंत सोडलं नाही, मशिदींत माणसं कोंडून आग लावली, सहा हजार जीव गेले, असा त्यात हिशेब आहे. शेतकऱ्यांना आणि ब्राह्मणांना मारू नका, असं त्याने सांगितलं होतं, तेही त्यातच येतं. कुणाला वाचवायचं हेसुद्धा तोच ठरवत होता. त्या सहा हजारांतल्या एकाचंही नाव पत्रात नाही.

आणि तरीही जुन्या बखरकारांची एक नोंद मला सोडत नाही. १५१५ साली तो वारला. पुढच्या अधिकाऱ्यांचा जुलूम सोसेना, तेव्हा गोव्यातले हिंदू आणि मुसलमान त्याच्या थडग्यापाशी जाऊन गाऱ्हाणं घालत. ज्यांच्या माणसांना त्याने कापलं, त्यांचेच वंशज असतील त्यांत! त्या गाऱ्हाण्यात मला त्याचा मोठेपणा दिसत नाही; मागून आलेल्यांनी लोकांचे किती हाल केले असतील, ते दिसतं.

म्हणून पुतळा वितळवावा असं मी म्हणणार नाही. चौकातून तो गेला, हे योग्यच झालं. आता राहू दे छपराखाली, पण एकटा नको. त्याचं ते पत्र मराठीत आणि कोंकणीत, मोठ्या अक्षरांत, त्याच्या शेजारी लावावं. शाळेच्या सहलीतल्या पोरांना उभ्या उभ्या वाचता येईल इतक्या उंचीवर.