ऱ्हस्वदीर्घाचा डाव

गेल्या वैशाखात आमच्या आठ वर्षांच्या नातीने आम्हांस पत्र धाडिले. आम्ही ते तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठविले! पंतोजीपणाची ही खोड जुनीच. त्यानंतर दिवाळीपर्यंत तिचे एकही पत्र आले नाही, हे वाचकांस सांगावयास नकोच.

दिवाळीच्या सुटीत ती घरी आली, तेव्हा आम्ही वही दूर ठेविली आणि जुन्या लग्नपत्रिका कापून पाने केली. एकावर ‘दिन’, दुसऱ्यावर ‘दीन’; तशीच ‘सुत’ व ‘सूत’, ‘शिर’ व ‘शीर’. पाने पालथी मांडावयाची. उचलणाराने तो शब्द अचूक अर्थाने वाक्यात योजावा, तरच पान त्याचे. वर्षभर घोकून जे ठसले नाही ते दोन दुपारींत ठसले. वेलांटी पालटली की दिवसाचा दरिद्री होतो आणि उकार पालटला की मुलाचा धागा, याची तिला भारीच गंमत वाटे.

तिसऱ्या दिवशी आमच्या हातून ‘नांव’ आणि ‘नाव’ अशी जोडी लिहिली गेली. पहिले माणसाचे, दुसरी पाण्यावरची. नातीने टिंबावर बोट ठेविले. “हे चुकलं, आजोबा.” खरेच होते. छड्या खाऊन आम्ही शिकलेले असले अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनी काढून टाकिले. आता दोन्ही शब्द सारखेच. आम्ही निमूटपणे तांबडी पेन्सिल तिच्या हाती दिली. तिने टिंब खोडले, दोन्ही पाने उचलली आणि म्हणाली, “माझ्या नावेचं नाव मासोळी.”

मार्गशीर्षात तिचे पत्र आले. दोन वेलांट्या चुकल्या आहेत. आम्ही उलट टपाली उत्तर धाडिले.