आधी काय, नंतर काय

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी एम.एस्सी. गणिताला नाव घातलं, तेव्हा घरात विरोध असा कुणी केला नाही. प्रश्न मात्र सगळ्यांनी विचारला. आत्ती म्हणाल्या, "बीजगणित तू शाळेतच शिकलीस की गं! परत कशाला?"

शाळेतल्या बीजगणितात क्ष म्हणजे एखादी लपलेली संख्या, ती शोधून काढायची. पहिल्या सत्रात आम्हाला जो पेपर होता तो अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा, मराठीत अमूर्त बीजगणित. त्यात संख्या असायलाच पाहिजे असं नाही. काही वस्तू घ्या, नाहीतर काही क्रिया घ्या. दोन जोडल्या की उत्तर त्यांच्यातलंच आलं पाहिजे. तीन जोडताना कंस कुठंही घातला तरी फरक पडता कामा नये. काहीच न बदलणारी एक पाहिजे. आणि प्रत्येकीचं केलेलं पुसून टाकणारी तिची जोडीदारीण पाहिजे. हे चार नियम पाळले की झाला 'ग्रुप'. पुढचं सगळं एवढ्याच्या जोरावर सिद्ध करायचं.

बेळगावात आमचा वर्ग म्हणजे तीन भाषांचा. पुस्तक इंग्रजी, सरांचे दाखले कन्नड आणि माझ्या वहीच्या कडेला टिपणं मराठी. बाकीच्या मुली माझ्या लेकीच्या वयाच्या. तास चारला सुटायचा आणि मी बस धरायला पळायची. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, थंडीत तर साडेपाचलाच ताटं वाढावी लागतात. त्यामुळं अर्धी प्रमेयं मी भाकरी थापतानाच घोकली.

पण भाकरी थापताना एक बरं झालं. उदाहरणं शोधायला लांब जावं लागलं नाही. दारातली चौकोनी रांगोळी घ्या. तिला पाव पाव फेरा वळवा, चारही वेळा तशीच दिसते. उभ्या, आडव्या आणि दोन तिरक्या रेघांवर आरशासारखी उलटवा, तरी तशीच. म्हणजे आठ क्रिया झाल्या. आता पूजेच्या ताटातलं तांदळाचं स्वस्तिक बघा. पाव पाव वळवलं तर तसंच राहतं, पण आरशात धरलं की त्याचे हात उलट्या बाजूला वळतात. म्हणून त्याच्या वाट्याला चारच क्रिया. आठांच्या ग्रुपात चारांचा लहान ग्रुप नीट बसतो. पाचांचा मात्र कधीच बसायचा नाही, कारण लहानाच्या संख्येनं मोठ्याच्या संख्येला पूर्ण भाग जावा लागतो. याला लाग्रांजचं प्रमेय म्हणतात. इतकी वर्षं रोज काढलेलं स्वस्तिक त्या दिवशी मी जरा थांबून बघितलं.

मला सगळ्यात विचार करायला लावला तो मात्र त्या चारांत नसलेल्या नियमानं. दोन तिनं सहा, तीन दुणे सहा हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं असतं. ग्रुपच्या नियमांत ते नाही. आधी हे आणि मग ते, किंवा आधी ते आणि मग हे, उत्तर सारखं येईलच अशी हमी कुणी दिलेली नाही.

मैत्रिणींनो, हे आपल्याला वेणीनं कधीच शिकवलंय. डावा पेड मधल्यावरून, मग उजवा मधल्यावरून, पुन्हा डावा, पुन्हा उजवा, की वेणी पडते. तेच डावे दोन्ही आधी घ्या आणि उजवे दोन्ही नंतर. हालचाली चारच, त्याच, पण वेणी नाही, नुसता पीळ. सोडवायची तर शेवटचा वळसा आधी सुटतो आणि पहिला सगळ्यात शेवटी. एमिल आर्टिन या गणितज्ञानं 1925 साली अशा पेडांचाच ग्रुप मांडला. त्यात काहीच न बदलणारी क्रिया म्हणजे सरळ, मोकळे पेड.

नात्यातल्या बायका मला समजवायच्या, "उशिरा का होईना, तेच शिक्षण तर मिळालं. आधी काय नि नंतर काय!" त्या मायेनं बोलतात हे मला कळतं. पण ते तेच नाही. बी.एस्सी. झाल्यावर लगेच हा पेपर दिला असता, तर मी कुठंतरी शिकवायला लागले असते. आता नोकरीची वाट जवळपास बंद आहे. संसार आधी आणि शिक्षण नंतर, याचं उत्तर शिक्षण आधी आणि संसार नंतर याच्याइतकं येत नाही. हे गोड बोलून झाकण्यात अर्थ नाही. घरात लेकी असतील तर मुळीच नाही.

ज्यांच्यामुळं या विषयाला आजचं रूप आलं, त्या एमी नोएथर यांची गोष्ट मला म्हणूनच जवळची वाटते. 1907 साली डॉक्टरेट मिळाली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी एर्लांगेनला बिनपगारी काम केलं. पुढं ग्योटिंगेनला बाई म्हणून नेमणूक मिळेना, तेव्हा त्यांची व्याख्यानं हिल्बर्ट यांच्या नावानं जाहीर व्हायची. 1919 मध्ये स्वतःच्या नावानं शिकवायची परवानगी मिळाली आणि 1933 मध्ये ज्यू म्हणून तीही गेली. जागा मिळेपर्यंत काम थांबवायचं नाही, असा त्यांचा क्रम.

पण उत्तर वेगळं येतं, म्हणजे ते कमीच येतं असंही नाही. बाविसाव्या वर्षी मी हीच प्रमेयं पाठ केली असती, कारण परीक्षा होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या हातात हजारो वेण्या होत्या, रांगोळ्या होत्या. ओळीला ओळ का लागते हे विचारायला मी आता लाजत नव्हते. सर एकदा एक पायरी गाळून पुढं गेले, तेव्हा "सर, हे कोणत्या नियमानं?" असं विचारणारी वर्गात मीच होते. मागच्या बाकावरच्या दोघींनी वही पुढं सरकवली. त्यांनाही ते विचारायचंच होतं.

पेपर सुटला, एकसष्ट मार्क पडले. आत्तींनी विचारलं, "आता पुढं काय?" म्हटलं, "पुढच्या सत्रात रिंग." त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं आणि हसल्या. म्हणाल्या, "ती तरी सोन्याची आहे का?"