धोक्याचा दिवा आणि कारणाचा शोध

माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कार्यक्षेत्राविषयी स्मरणिकेत लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आहे. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेले अनेकजण शिक्षक, अधिकारी, वकील, परिचारिका झाले. त्यांच्या कार्याचा परिचय समाजाला आहे. माझे काम मात्र फारसे कोणाच्या पाहण्यातले नाही. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून काही वर्षे विदर्भात पोकलेन आणि डंपर दुरुस्त केल्यावर मी फिनलंडमध्ये आलो. तेथील पूर्वेकडच्या अरण्यात वृक्षतोड करणाऱ्या अवजड यंत्रांची देखभाल हा आज माझा व्यवसाय आहे. या यंत्रांच्या पडद्यावर उमटणारे धोक्याचे कोड कसे वाचावेत आणि त्यांवर कितपत विसंबावे, हा या लेखाचा विषय. विषय तांत्रिक खरा. परंतु कोड चुकीचा वाचला गेला तर केवळ यंत्राचे नव्हे, माणसाचेही नुकसान होते, हे मी पाहिले आहे. म्हणून तो येथे मांडतो.

फिनलंडच्या भूभागाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनांनी व्यापलेला आहे. पाइन, स्प्रूस आणि बर्च ही तेथील मुख्य झाडे. तोडणीसाठी प्रामुख्याने दोन यंत्रे लागतात. पहिले हार्वेस्टर. त्याच्या लांब हाताच्या टोकाला असलेले अवजड डोके उभे झाड पकडते, करवतीने बुंध्याशी कापते, रोलरने खोड ओढत त्याच्या फांद्या सोलून काढते आणि लांबी व जाडी मोजून ओंडके पाडते. दुसरे फॉरवर्डर. ते आपल्या क्रेनने हे ओंडके उचलून पाठीवर रचते आणि दहा ते वीस टनांचा भार रस्त्यापर्यंत आणून टाकते. दोन्ही यंत्रे मध्यभागी सांध्याने जोडलेली असतात. वळताना त्यांची चाके नव्हे, तर अख्खे शरीर कमरेत वाकते. त्यामुळेच झाडांच्या दाटीतून त्यांना वाट काढता येते.

अशा यंत्राच्या अंगात अनेक छोटे संगणक असतात. इंजिनासाठी एक, हायड्रॉलिक पंपासाठी एक, क्रेनसाठी एक, असे. ते एकमेकांशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. 'कॅन' नावाची ही पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली. पुढे अमेरिकेतील 'एसएई' या अभियंत्यांच्या संस्थेने अवजड वाहनांसाठी तिच्यावर आधारित 'जे-१९३९' हे प्रमाण तयार केले. क्रेनचे आणि तोडणीच्या डोक्याचे कोड प्रत्येक उत्पादकाचे आपापले असतात. इंजिनाचे कोड मात्र बहुधा या सामाईक प्रमाणाला धरून असतात. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ नियम लागू झाल्यावर ट्रक आणि बसच्या कोडचीही हीच भाषा आपल्या गॅरेजांत रुळली आहे. म्हणून ही माहिती केवळ परदेशापुरती नाही.

या भाषेत तक्रार दोन आकड्यांत मांडलेली असते. पहिल्या आकड्याला एसपीएन म्हणतात. तो कोणत्या गोष्टीविषयी तक्रार आहे हे सांगतो. दुसऱ्याला एफएमआय म्हणतात. तो तक्रारीचे स्वरूप सांगतो. एसपीएन ११० म्हणजे इंजिनाच्या कूलंटचे तापमान. त्यापुढे एफएमआय शून्य असेल, तर तापमान खरोखरच धोक्याच्या पातळीपलीकडे गेले आहे. परंतु त्याच ११० पुढे ३ किंवा ४ असेल, तर अर्थ सर्वस्वी वेगळा होतो. तीन म्हणजे सेन्सरकडून येणारा विद्युतदाब प्रमाणाबाहेर जास्त, चार म्हणजे प्रमाणाबाहेर कमी. येथे इंजिन तापले आहे की नाही, हे संगणकाला कळलेलेच नाही. निरोप आणणाराच जखमी झाला आहे, एवढेच तो सांगतो आहे. पहिला आकडा वाचून दुसरा न वाचणारे कारागीर मी दोन्ही देशांत पाहिले. ते ११० दिसताच थर्मोस्टॅट बदलतात, वॉटरपंप उघडतात, आणि दोष एखाद्या ओल्या कनेक्टरमध्ये तसाच राहतो.

दोष सेन्सरचा की तारेचा, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. ११० पुढे ४ आलेला असताना सेन्सरचा कनेक्टर काढावा. कोड ४ वरून ३ वर गेला, तर तार आणि संगणक ठीक आहेत. सेन्सर आतून शॉर्ट झाला आहे. कनेक्टर काढूनही ४ तसाच राहिला, तर तार कोठेतरी सांगाड्याला टेकली आहे असे समजून तिचा माग काढावा. दोन मिनिटांच्या या कसोटीने कित्येकदा मोठा खर्च वाचतो.

एफएमआय शून्य असला तरी शोध संपत नाही. पाइन आणि स्प्रूसच्या सुया रेडिएटरच्या जाळीत अडकून त्यांचा थर बसतो, हवा आत जात नाही आणि इंजिन तापते. पडद्यावर तापमानाचा कोड येतो. सुयांचा कोड कोठेही नसतो. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठून फिल्टर तुंबतो. तेव्हा कोड इंधनाचा दाब कमी झाल्याचा येतो, थंडीचा येत नाही. धूर शुद्ध करण्यासाठी वापरले जाणारे युरियाचे द्रावण उणे ११ अंश सेल्सिअसला गोठते. हिवाळ्यात त्या टाकीच्या हीटरची एक तार तुटली, तर तक्रारींची रांग लागते आणि त्यांतल्या बहुतेक तक्रारी त्या तारेविषयी नसतात. कोड हे कार्याचे नाव आहे. कारण आपल्याला शोधावे लागते.

दिव्यांच्या रंगाबाबत मात्र शंकेला जागा नाही. पिवळा दिवा म्हणजे काम पाहून-सवरून करा आणि लवकर तपासणी करा. लाल दिवा म्हणजे यंत्र सुरक्षित जागी घेऊन ताबडतोब बंद करा. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब; त्यापुढे १ आला, तर 'एवढी खेप टाकून येतो' असे म्हणण्याची सोय नाही. ऑइलच्या दाबावाचून बेअरिंग फार थोडा वेळ टिकतात. सेन्सर खोटे बोलत असण्याची शक्यता असतेच, परंतु ती इंजिन बंद केल्यावर, वेगळा गेज लावून तपासायची असते. धोका समोर असताना आधी थांबावे आणि मग शंका घ्यावी, हा क्रम कधीही उलटा करू नये.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका ठेकेदाराचा फॉरवर्डर आमच्याकडे आला. तो चालवणारा मुलगा व्यावसायिक शाळेतून नुकताच बाहेर पडला होता आणि त्याच्या उमेदवारीचा काळ अजून संपायचा होता. काम करताना क्रेन अचानक निश्चल होई आणि क्रेनचा संगणक, वजनकाटा, मागचे दिवे अशा निरनिराळ्या उपकरणांचे कोड एकाच क्षणी पडद्यावर येत. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की सारे सुरळीत. आमच्या आवारात तर एकही कोड येईना. ठेकेदाराचा निष्कर्ष तयार होता : नवा मुलगा आहे, त्याने क्रेन कोठेतरी आपटली, आतला संगणक गेला. नवा संगणक बसवावा आणि मुलाला घरी पाठवावे, असे त्याने ठरवूनच टाकले होते. मुलगा काही बोलत नव्हता. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही नव्हते.

मी प्रथम सारे कोड कागदावर उतरवले. त्यांचा आशय एकच होता : अमुक उपकरणाकडून संदेश येत नाही. एकाच क्षणी इतकी उपकरणे बिघडणे संभवत नाही. मग त्यांच्यात सामाईक काय? ती सारी यंत्राच्या मागच्या अर्ध्या भागात, कमरेच्या सांध्यापलीकडे होती. कॅनच्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. यंत्राचा वीजपुरवठा बंद करून मल्टिमीटर लावला, तर दोन्ही मिळून सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. केबिनच्या बाजूने मोजले, ६० दिसले. म्हणजे तारा शाबूत. परंतु यंत्र त्या वेळी सरळ उभे होते. अरण्यात ते सरळ उभे नसते. म्हणून ते चालू करून एका बाजूला पूर्ण वाकवले, तसेच उभे करून बंद केले आणि पुन्हा मोजले. या वेळी १२० दिसले. पलीकडच्या टोकाचा रोध दिसेनासा झाला होता. तार मध्येच तुटत होती.

सांध्याजवळची वायरिंग उघडली. तारांचा जुडगा धरून ठेवणारी एक पकड सुटली होती, त्यामुळे तो प्रत्येक वळणावर धातूच्या कडेला घासत होता. एका तारेतील तांब्याचे तंतू आवरणाच्या आतच तुटले होते. यंत्र सरळ असले की टोके एकमेकांना टेकत, वाकले की दुरावत. क्रेनचा संगणक निर्दोष होता. यानंतर मी यंत्राच्या स्मृतीतील जुन्या नोंदी काढल्या. कोड कितीवेळा आला आणि त्या वेळी यंत्राचे किती तास भरले होते, हे तेथे लिहिलेले असते. या कोडची पहिली नोंद तो मुलगा कामावर येण्याच्या तीन आठवडे आधीची होती. मी तो कागद ठेकेदाराच्या हाती दिला. त्याने तो दोनदा वाचला, मुलाशी त्यांच्या भाषेत काही बोलला आणि दुसऱ्या दिवशी मुलगा त्याच यंत्रावर कामाला गेला.

त्या नोंदी कोणी आधीच पुसल्या असत्या तर? ही शक्यता मला आजही अस्वस्थ करते. पडद्यावर कोड आला की प्रथम तो पुसायचा, ही सवय फार पसरलेली आहे. कोड पुसल्याने दिवा विझतो, दोष जात नाही; उलट दोषाचा पुरावा मात्र नाहीसा होतो. हे प्रमाण तयार करणाऱ्यांनी सध्या चालू असलेले कोड आणि पूर्वी येऊन गेलेले कोड, अशी दोन वेगळी दालने ठेवली ती यासाठीच. येऊन गेलेली तक्रारही विचारात घेण्याजोगी असते.

आपल्या विद्यालयात कालाम सुत्त शिकवले गेले, तेव्हा आमचे वय ते समजण्याचे नव्हते. केसपुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी जे सांगितले, त्याचा आशय असा की, ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आदरणीय आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नये. ती स्वतः पारखून पाहावी. पडद्यावरचा कोड हाही एक आदरणीय वक्ताच आहे. त्याचा अवमान करू नये, परंतु त्याच्यापाशी थांबूही नये. कारणावाचून काही घडत नाही आणि कारण दूर झाल्यावाचून दुःख दूर होत नाही, हा धम्मविचार मला मल्टिमीटर हाती घेतल्यावर अधिक उमजला. आपल्या समाजाला तर याचे मोल निराळे सांगायला नको. चौकशीआधीच दोषी ठरवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले. त्या मुलाचा आणि माझा देश, वर्ण, भाषा काहीही एक नव्हते. तरीही ठेकेदारासमोर त्याचे मुकाट उभे राहणे मला अनोळखी वाटले नाही.

या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. कोड दिसताच यंत्र बंद करण्यापूर्वी दोन्ही आकडे, वेळ, यंत्राचे तास आणि त्या क्षणी यंत्र काय करत होते हे वहीत लिहा. मात्र दिवा लाल असेल तर आधी थांबा, नोंद नंतर. चालकाला विचारा आणि त्याचे पूर्ण ऐका. यंत्रासोबत दिवस काढणारा तोच असतो. भाग बदलण्यापूर्वी मोजा. हायड्रॉलिक नळीची गळती कधीही हाताने चाचपू नका. त्या दाबाखाली सुटलेली तेलाची बारीक धार त्वचा भेदून आत शिरते आणि हात गमावण्याची वेळ येते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. आणि दुरुस्ती पूर्ण झाल्यावरच, नोंद ठेवून, कोड पुसा.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी आयटीआयला जाते म्हणून मन लहान करू नका. तेलाने माखलेल्या हातांनाही वाचन लागते, गणित लागते आणि सत्याची चाड लागते. या तिन्हींची सुरुवात माझ्या बाबतीत विद्यालयाच्या वसतिगृहात, रात्रीच्या अभ्यासिकेत झाली. तेथे आज अभ्यासाला बसणाऱ्या मुलामुलींपैकी कोणाला या कामाविषयी अधिक विचारायचे असेल, तर विद्यालयामार्फत जरूर कळवावे. मी आनंदाने उत्तर देईन.

जय भीम! नमो बुद्धाय!